लंडन जाळायची परवानगी नाही!

अहो वहिनी, ऐकलंत का? लंडन जाळायला परवानगीच मिळाली नाही! सगळी तयारी झाली होती हो. पुठ्ठ्याची घरं रंगवून झाली होती, पुडिंग लेन आखून झाली होती, आग कुठल्या बेकरीतून लावायची तेही ठरलं होतं. आणि आदल्या दिवशी हेडबाईंचा ईमेल. की आपली शाळा बंगल्यात आहे, दोन्ही अंगांना लोक राहतात, दुबईत असा उघड्यावर जाळ करता येत नाही, तेव्हा लंडन यंदा पंख्यावर जळेल. म्हणजे काय, तर टेबलफॅनला नारिंगी क्रेपच्या पट्ट्या बांधायच्या आणि बटण दाबायचं... बघा, तुमचासुद्धा चेहरा पडला! मग त्या सहा-सहा वर्षांच्या पोरांचं काय झालं असेल?

थांबा, असं मधूनच सांगितलं तर काही कळायचं नाही. तुमचा नळ बंद करून या आधी. हां.

तर नातीची शाळा. जुमेराला हो, मागे फोटो दाखवले होते ना. नाव नाही घेत मी, भिंतीला कान असतात आणि हल्ली कानांना व्हॉट्सॲप असतं. दुबईतल्या बाकीच्या ब्रिटिश शाळा म्हणजे विमानतळच, आत शिरलं की बाण बघत चालायचं. ही मात्र एवढीशी. हॉलमध्ये असेंब्ली, गॅरेजमध्ये लायब्ररी, इयत्तेला एकच तुकडी. त्यामुळे होतं काय, की कुणाच्या डब्यात काय, कुणाचा नवरा कुठल्या कंपनीतून निघाला, कुणाची फी थकलीय, सगळं सगळ्यांना ठाऊक! शाळेचं ॲप आहे, त्यावर रोज सूचना येतात, पण खरी बातमी फाटकाशीच. तिथं एक बाकडं आहे कडुनिंबाखाली. त्यावर मी आणि लाहोरच्या नानी. नातवंडं सुटायच्या आधी अर्धा तास आम्ही दोघी तिथं हजर. लेक म्हणते, आई, इतक्या लवकर कशाला जातेस? आता हिला काय सांगू!

आणि ब्रिटिश, ब्रिटिश म्हणतात, पण ब्रिटिश आहे कोण तिथं? हेडबाई यॉर्कशरच्या आणि वर्गाची मिस वेल्सची. संपलं. पोरं म्हणाल तर लेबनॉनची, केरळची, फिलिपिन्सची, एक नैरोबीचा गुजराथी, एक पोर्तुगीज (तो लक्षात ठेवा हं, पुढं लागणार आहे), लाहोरच्या नानींचा नातू आणि आमची. सगळे मिळून लंडनच्या पावसाच्या कविता म्हणतात, बाहेर वाळू उडत असते.

फी विचारू नका. टर्मला असते, वर्षाला तीन टर्म. मी मनातल्या मनात दिरहमचे रुपये करायला लागले की लेकीला माझ्या कपाळावर दिसतं. 'आई, कन्व्हर्ट करायचं नाही!' बरं बाई. त्यात ती केएचडीएची, म्हणजे दुबईच्या शाळा-खात्याची माणसं शाळा तपासून श्रेणी देतात ना, आउटस्टँडिंग, व्हेरी गुड, गुड, ॲक्सेप्टेबल, त्याच्याशीसुद्धा फीवाढीचा संबंध लावलेला. म्हणजे शाळा सुधारली म्हणून पालकांनी आनंद करायचा की पोटात गोळा आणायचा? नानी म्हणाल्या, 'बहन, हम तो दुआ करते हैं कि गुड पे ही रहे.'

तर काय सांगत होते... हां, अभ्यास. पहिलीला इयर वन म्हणायचं. त्याच्या आधी दोन वर्षं एफएस वन, एफएस टू झालेली असतात. आणि आमचीच्या प्रवेशाच्या वेळी वय कसं मोजायचे, तर 31 ऑगस्टला. एक दिवस इकडं की तिकडं, वर्गच बदलायचा. आमची ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातली, म्हणून वर्गात सगळ्यात धाकटी. तो नैरोबीवाला सप्टेंबरचा, तो तिच्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठा, दातसुद्धा पडलेत. त्याची आई मात्र म्हणत असते, 'माझा किती पटकन वाचतो ना!' वाचेल नाही तर काय करेल?

आणि त्या वाचनाच्या पुस्तकांवरून जे चालतं ना तिथं! बिफ, चिप आणि किपर. पोरांची नावं आहेत हो ही, कुत्र्याचं नाव फ्लॉपी. पुस्तकांना रंगांचे पट्टे. गुलाबी, लाल, पिवळा, निळा, हिरवा, असे वर चढत जायचे. मुलं नाही बघत, आया बघतात. दप्तर उघडं दिसलं की मान वाकडी करून आधी रंग. एक आहे, टापटीप, सनग्लासेस डोक्यावर, ती परवा लेकीला म्हणते कशी, 'ओह, शी इज स्टिल ऑन यलो? सो क्यूट!' आमची लेक हसली, गाडीत बसली, आणि सिग्नलपर्यंत एक अक्षर बोलली नाही. मी म्हटलं, अगं, पिवळा काय वाईट रंग आहे का? तर माझ्याकडे अशी बघितली...

त्याहून गंमत म्हणजे जूनमधली परीक्षा. फोनिक्स चेक म्हणतात. मिस एकेकाला जवळ घेऊन 40 शब्द वाचायला लावते. बरं, त्यातले 20 शब्द खरे आणि 20 शब्द खोटे! खोटे म्हणजे ज्यांना अर्थच नाही असे. 'व्हॅप' की 'झॉग' असलं काहीतरी, आणि शेजारी एलियनचं चित्र, म्हणजे मुलांना कळतं की हा परग्रहावरचा शब्द. मी तर कपाळावर हात मारला. एवढे पैसे भरून नसलेले शब्द वाचायचे? मिसला विचारलंच मी, इंग्रजीत, हो, मला काय भीती. ती म्हणाली, हुशार मुलं शब्दाचा चेहरा पाठ करून दडपून सांगतात. शब्दच बनावट असला की अक्षरं फोडून वाचावी लागतात, आणि वाचता येतं की नाही ते कळतं. इंग्लंडात 2012 पासून आहे म्हणे. आता पटलं मला, पण पटल्यासारखं दाखवलं नाही.

नानींचा मोठा नातू इयर फोरला, त्यांना पाढ्यांची. कॉम्प्युटरवर 25 गणितं, प्रत्येकाला 6 सेकंद. मुलगा घाबरून जेवत नव्हता. मी विचारलं, कितीपर्यंत पाढे? तर बारापर्यंत. फक्त बारापर्यंत! मी आणि नानींनी बाकड्यावर बसल्या बसल्या सतरा आणि एकोणीस म्हणून दाखवला, मी मराठीत, त्या पंजाबीत. वॉचमन पण थांबून ऐकायला लागला. नातू मात्र लाजून बसच्या मागं जाऊन उभा राहिला.

डब्याचं तर सांगूच नका. शेंगदाणा बंद, काजू बंद, तीळसुद्धा विचारून. कुणाला तरी ॲलर्जी असते, बरोबर आहे त्यांचं, पण वहिनी, दाण्याच्या कुटाशिवाय मी काय करणार? आणि साखर बंद. हेल्दी लंचबॉक्स पॉलिसी. चॉकलेट सापडलं तर मिस काढून घेते, घरी चिठ्ठी येते. साखरेचं पण लक्षात ठेवा.

हे सगळं चालू असताना आला रमजान. रमजानात शाळा पाचच तासांची. आणि त्याच आठवड्यात वर्ल्ड बुक डे. मार्चच्या पहिल्या गुरुवारी ब्रिटिश शाळांत पोरं पुस्तकातल्या कुणाचातरी वेष करून जातात. केकविक्री अर्थात रद्द. पण कपड्यांची चढाओढ काही रद्द होते होय? चार एल्सा होत्या. एल्सा पुस्तकातली का सिनेमातली, यावर ग्रुपवर दोन दिवस गुद्दागुद्दी. आमची गेली फास्टर फेणे होऊन. माझी कल्पना. चौकड्यांचा शर्ट, केस विस्कटलेले, आणि बाबाची सायकल-क्लिप चड्डीला. कुणी विचारलं हू आर यू, की ही सांगायची, बनेश फेणे फ्रॉम फुरसुंगी. हेडबाईंनी दोनदा म्हणून पाहिलं, फुरसुंगी, नाही जमलं, मग म्हणाल्या, 'लव्हली.' तिथं काही कळलं नाही की लव्हली म्हणतात.

तर काय सांगत होते? लंडन!

यांना इतिहासाला ग्रेट फायर ऑफ लंडन असतं. 1666 ची आग. सगळ्या जगात जिथं जिथं ब्रिटिश शाळा, तिथं तिथं ती पोरं पुठ्ठ्याची घरं करतात. आता सहा वर्षांचं पोर कसली घरं करतंय! केली बापांनी. त्या लेबनॉनच्या मुलाचा बाप आर्किटेक्ट, त्यानं लाकडी पट्ट्यांची, पुढं झुकलेले मजले असलेली तीन मजली हवेली पाठवली. आमच्या जावईबापूंनी सिरिअलचा खोका उलटा करून त्यावर खिडक्या काढल्या. एका ओळीत ठेवल्यावर... जाऊ दे, पुडिंग लेनमध्ये गरीब लोकही राहत असतीलच की.

रात्री झोपताना पोरगी मला आग सांगत होती. बेकऱ्याच्या भट्टीतून ठिणगी, वारा, चार दिवस जळतंय. तो पीप्स, रोजनिशी लिहिणारा, त्यानं बागेत खड्डा खणून वाइन आणि पार्मेजान चीज पुरून ठेवलं. आणि तो लॉर्ड मेयर, मध्यरात्री आला, आग बघितली आणि असं काहीतरी बोलून परत झोपायला गेला की ते मुलांच्या पुस्तकात छापत नाहीत. मी विचारलं, राजा कोण होता गं तेव्हा? किंग चार्ल्स द सेकंड, आजी. झालं! मी इतिहास शिकवलेली बाई, माझी जीभ गप्प बसते होय? म्हटलं, अगं, हाच तो. याच्याच लग्नात आपली मुंबई गेली आंदण! 1661 चा करार. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन, तिच्याबरोबर मुंबई बेट, टँजिअर आणि वर रोकड, वीस लाख क्रुझादो. आणि ज्या पावसाळ्यात लंडन जळलं ना, त्याच पावसाळ्यात आपले महाराज आग्र्याहून निसटले. पेटाऱ्याची गोष्ट झाली तेव्हा साडेदहा वाजले होते. लेकीनं दाराआडून तीनदा 'आई' म्हटलं.

मग तो दिवस. आजी-आजोबांना बोलावणं होतं. हॉलमध्ये लंडन मांडलेलं, मागं पंखे. पंखे सुरू झाले आणि पट्ट्या अशा काही उडाल्या की लेबनॉनच्या हवेलीचं छप्पर गेलं आणि आमचा खोका जिथल्या तिथं! जावईबापूंचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. पोर्तुगीज मुलगा झाला होता पीप्स, डोक्यावर कुरळा टोप. त्यानं चीज पुरायचं होतं. त्यानं आधी वास घेतला, मग प्रेक्षकांकडे पाहिलं आणि खाल्लं. मिस खुणा करतेय, पुर, पुर! हा चावतोय.

शेवटी हेडबाई उठल्या, छान झालं वगैरे म्हणाल्या आणि विचारलं, कुणाला आणखी काही सांगायचंय का? आता असं कधी विचारायचं नसतं. पण विचारलं. आमचीचा हात वर.

म्हणाली, 'द किंग गॉट माय आजीज मुंबई ॲज अ वेडिंग प्रेझेंट.'

हॉलमध्ये हे एवढं शांत! हेडबाईंनी हसू तोंडावर तसंच ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. तेवढ्यात मागच्या रांगेतून ती पोर्तुगीज मुलाची आई, ताडकन उभी, 'यस! कॅथरीन! आवर कॅथरीन!' आणि छातीवर हात. म्हणे, तुम्हा इंग्रजांना चहा कुणी शिकवला? आमच्या राजकन्येनं! हेडबाईंच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या. तसं खरं सांगायचं तर चहा तिच्या आधीच लंडनला पोचला होता, त्या चीजवाल्या पीप्सनंच 1660 मध्ये एक कप प्यायल्याचं लिहून ठेवलंय. हिनं दरबारात फॅशन केली एवढंच. पण मी बोलले नाही. रमजानात चहाचा विषय काढणंच मुळात बरं नव्हतं, नानी शेजारी रोजा धरून बसल्या होत्या.

एवढ्यात अरबीची बाई! अहो, ती एरवी कोपऱ्यात बसून असते, मोरोक्कोची. तिनं हळूच हात वर केला. 'ॲण्ड टँजिअर, प्लीज.' ती स्वतः कासाब्लांकाची, पण मावशी टँजिअरला. म्हणजे बघा वहिनी, आंदण देणारे मागच्या रांगेत, आंदणात गेलेले दोघे दोन कोपऱ्यांत, आणि घेणारे पुढं माइक धरून! त्यात गाण्याचे सर गोव्याचे, मडगावचे, पियानोवरून वळून म्हणाले, बाई, लग्न झालं तरी मुंबईचा ताबा कुठं लगेच मिळाला? ते इंग्रज आले 1662 मध्ये, पोर्तुगीज गव्हर्नर दाद देईना, मग ते जाऊन बसले अंजदीव बेटावर, कारवारसमोर. तापानं निम्म्याहून जास्त गेले, त्यांचा प्रमुख शिपमन तिथंच वारला. मुंबई हातात आली 1665 ला. आणि पुढं तीन वर्षांत राजानं ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, वर्षाला 10 पौंड भाड्यानं!

10 पौंड म्हटल्यावर मात्र सगळे बाप एकदम सरसावून बसले. जुमेराचं भाडं भरणारी माणसं ती.

वेल्सची मिस बाजूला उभी, ओठ घट्ट मिटलेले, पण खांदे हलत होते. इंग्लंडची जरा फजिती झाली की तिला बरं वाटत असावं, असं नानींचं मत. आणि तेवढ्यावर राहिलं असतं तर बरं. पण आमची कसली ऐकते! तिला रात्रीची सगळी गोष्ट आठवत होती. वळली त्या पीप्सकडे, टोपवाल्याकडे, आणि म्हणाली, 'बट यू डिडन्ट पे ऑल द मनी.'

आता हेही खरंच आहे हो. रोकड देतो म्हणून सांगितलं आणि राजकन्येला न्यायला जहाज आलं तेव्हा निम्मीच रक्कम, त्यातही साखर आणि मसाले चढवले. पुरती रक्कम काही वेळेवर मिळाली नाही. पण त्या बाईचा चेहरा! मघाशी छातीवर असलेला हात तसाच खाली आला. 'शुगर?' म्हणाली. मुलानं आईकडे पाहिलं. आईनं नवऱ्याकडे. नवरा फोनमध्ये. बहुतेक शोधत होता.

हेडबाईंनी पंखे बंद करायला सांगितले. काय करणार, यॉर्कशरच्या असल्या तरी माणूसच. पण गोड बाई हो. जाताना माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, पुढच्या टर्मला विषय आहे 'समुद्रकिनारा', तेव्हा तुम्ही इथं असाल का? मला अजून कळलं नाही, ते आमंत्रण होतं की तारीख विचारून घेतली.

ग्रुपवर नंतर काय काय झालं ते उद्या सांगते, ती सनग्लासेसवाली काय म्हणाली ते तर सांगायलाच हवं. पण एवढं ऐकून जा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पीप्स फाटकाशी उभा होता, आमचीची वाट बघत. मुठीत काहीतरी. कुठल्यातरी कॅफेतून उचललेल्या साखरेच्या पुड्या. पांढऱ्या दोन, तपकिरी एक. हिनं मोजल्या, ठीक आहे म्हणाली आणि डब्यात ठेवल्या. साडेनऊला मिसनं जप्त केल्या, हेल्दी लंचबॉक्स, आणि घरी दोघांच्याही चिठ्ठी आली. जावईबापूंनी ती फ्रिजवर लावली आहे.